संत्र्याचा भाव गोडीवर ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर अलीकडे परदेशी संत्र्यांच्या कलमांविषयी बरेच छापून येते आहे. आमच्या मोर्शी-वरूड पट्ट्यात तर ‘जपानी संत्रा लावा, किलोचे नाही, नगाचे पैसे घ्या’ असे सांगणारे व्हिडिओ जवळपास प्रत्येक बागायतदाराच्या मोबाइलवर फिरत आहेत. त्यांत ज्या टेंगळाच्या फळाचे फोटो दाखवतात, ते देकोपोन मी यंदा त्याच्या स्वतःच्या मुलखात जाऊन खाल्ले, त्याची गोडी मोजली आणि त्याची बागही पाहिली. म्हणून या चर्चेत मलाही काही सांगायचे आहे. पत्र लांबेल, जमेल तेवढे छापावे.

मोर्शी तालुक्यात आमचा संत्र्याचा बगीचा आहे. सासऱ्यांनी लावलेला, यजमानांनी वाढवलेला, आणि ते गेल्यापासून तो मीच सांभाळते. मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त जपानमध्ये कुमामोतो शहरात राहतात. गेल्या वर्षी मेअखेरच पाऊस आला, झाडांना फुलोऱ्याआधी लागणारा पाण्याचा ताण बसला नाही, मृगाची फूट, म्हणजे पावसाच्या तोंडावर येणारा बहर, आलीच नाही. त्यामुळे फेब्रुवारी-मार्चमध्ये तोडणी नव्हती. एरवी त्या दिवसांत मला बागेतून हलता येत नाही. मुलीने तिकीट पाठवले आणि मी गेले. सामानात आमच्या शेतकरी गटाचा रिफ्रॅक्टोमीटर ठेवला होता. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते: वीतभर लांबीची दुर्बीण असते, तिच्या काचेवर रसाचा थेंब टाकायचा आणि उजेडाकडे धरून बघायचे. आत जो आकडा दिसतो त्याला ब्रिक्स म्हणतात. ब्रिक्स १० म्हणजे शंभर ग्रॅम रसात दहा ग्रॅमच्या आसपास विरघळलेले पदार्थ, त्यांतली बहुतेक साखरच. यंत्राला वीज लागत नाही, मोठे शिक्षणही लागत नाही.

आता फळाविषयी. देकोपोन हातात घेतले की आधी वजन जाणवते. आपल्या चांगल्या मोठ्या संत्र्याच्या जवळपास दुप्पट भरते. साल जाड आणि खरखरीत, रंग फिकट नारिंगी, आणि देठाच्या बाजूला उंच टेंगूळ. आपल्याकडे कोवळ्या, जोमदार झाडाला अशी मानेची, जाड सालीची फळे लागतात आणि ती बेचव निघतात. म्हणून मानेचे फळ दिसले की आमच्या भागातला माणूस हात आखडतो. मंडीत व्यापारी ते सरळ बाजूला काढतो. कुमामोतोच्या दुकानात मात्र तेच टेंगूळ वर करून, एकेक फळ वेगळे मांडून ठेवलेले होते, आणि एका फळाची किंमत चारशे येनच्या आसपास. रुपयांत दोनशेच्या वर.

टेंगळाच्या कडेला अंगठा रोवला की साल सुटत येते, बोटे रसाने माखत नाहीत. इथपर्यंत ते आपल्या संत्र्याच्या बरोबरीचे. पण सोलताना वास कमी येतो. नागपुरी संत्रा सोलला की पलीकडच्या खोलीतल्या माणसाला कळते, कारण सालीतले तेल हवेत उडते आणि त्याला एक तिखटसर झणका असतो. देकोपोनचा वास सौम्य, मोसंबीकडे झुकणारा. वासाला मी देकोपोनला दहापैकी सहा गुण दिले, आपल्या संत्र्याला नऊ. हे गुण मी तिथेच वहीत लिहून ठेवले आहेत, आठवणीने देत नाही.

पुढचे मात्र देकोपोनचे आहे. फोडीवरचा पापुद्रा इतका पातळ की दातांना जाणवत नाही. पापुद्र्यासकट फोड खायची, तोंडात चोथा राहत नाही. पांढऱ्या शिरा थोड्या, त्याही सालीबरोबर निघून येतात. बी नाही. आतला गर घट्ट असतो, रसाचे दाणे एकेक वेगळे लागतात आणि चावल्यावरच फुटतात, त्यामुळे रस हनुवटीवर ओघळत नाही. गोडी आधी येते, भरपूर येते, आणि तिच्या मागून आंबट चव हळूच डोकावते. शेवटी घशाशी कडवटपणा अजिबात राहत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर चौदाच्या जरा वर आकडा आला. आमच्या बागेतला उत्तम मृग, म्हणजे मार्चपर्यंत झाडावर राखलेला, साडेदहा ते अकरापर्यंत जातो. गराला आणि गोडीला मी देकोपोनला पैकीच्या पैकी गुण दिले. माझ्या नातीने फोडीमागून फोड खाल्ली. एरवी बी काढून दिल्याशिवाय ती संत्र्याला हात लावत नाही.

जावई मूळचे कोल्हापूरचे. त्यांचे मत वेगळे पडले. त्यांना ते जास्तच गोड वाटले, आणि दुपारच्या उन्हात खाण्याचे फळ नव्हे असे ते म्हणाले. त्यांचे म्हणणे मला पटते. तहान भागवायची तर नागपुरी संत्राच. त्यात आंबट आणि गोड एकदम येतात, रस पातळ आणि भरपूर असतो, चार खाल्ली तरी तोंडाला मिठी बसत नाही. देकोपोन एक खाल्ले की मन भरते. सगळे धरून मी त्याला साडेआठ गुण दिले आणि आमच्या उत्तम मृगाला आठ. फरक एवढाच, अर्ध्या गुणाचा.

मग ते दोनशे रुपयांना आणि आमचे संत्रे किलोने का, याचे उत्तर मला दुसऱ्या दिवशी मिळाले.

कुमामोतो शहराच्या दक्षिणेला, समुद्राच्या काठाने, शिरानुई नावाचे गाव होते. २००५ पासून ते उकी नावाच्या नव्या शहरात सामील झाले आहे. मुलीने मला तिकडे नेले. रस्त्याकडेला शेतकऱ्यांची विक्री केंद्रे असतात, तिथे माल थेट शेतकरी आणून ठेवतात आणि पिशवीवर पिकवणाऱ्याचे नाव छापलेले असते. एका फळीवर ‘देकोपोन’ लिहिलेली फळे होती आणि शेजारच्या फळीवर अगदी तसलीच, टेंगूळवाली, पण किंमत बरीच कमी, आणि पाटीवर नाव ‘शिरानुई’. मुलीने विचारून घेतले. दोन्ही एकाच वाणाची फळे. फरक तपासणीचा. देकोपोन हे कुमामोतोच्या फळबागायतदारांच्या सहकारी महासंघाचे नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. ते नाव लावायचे तर फळात ब्रिक्स १३ किंवा त्याहून जास्त हवे आणि सायट्रिक आम्ल एक टक्का किंवा त्याहून कमी हवे. दोन्ही अटी एकदम पाळायच्या. दुसऱ्या प्रांतातल्या सहकारी संस्थांना ते नाव वापरायचे असेल तर त्यांनाही हीच अट. जे फळ यात बसत नाही, त्याला ते नाव लावता येत नाही. ते टाकाऊ ठरत नाही. वाणाच्या साध्या नावाने, स्वस्तात विकले जाते.

मी दोन्ही फळ्यांवरची फळे विकत घेतली आणि घरी आणून एकापुढे एक ठेवून सगळ्यांना दिली, कोणते कोणते ते न सांगता. साध्या नावाच्या फळांत बाराच्या आसपास आकडा आला आणि आंबटपणा जास्त. काही फळे चांगली निघाली, काही नुसती आंबट. सरासरी मी त्यांना साडेसहा दिले. नाव लावलेली फळे मात्र परत घेतली, परत परत घेतली, वेगळ्या दुकानांतून घेतली, एकही फसवे निघाले नाही. देकोपोनची सगळी किंमत तिथे आहे. त्या नावाखाली वाईट फळ येतच नाही, हे गिऱ्हाइकाला माहीत असते, म्हणून तो न चाखता चारशे येन मोजतो.

या फळाचा इतिहास आपल्या बागायतदारांनी जरूर वाचावा. १९७२ मध्ये नागासाकी प्रांतातल्या कुचिनोत्सु इथल्या सरकारी संशोधन केंद्रात कियोमी आणि पोनकान या दोन संत्र्यांच्या संकरातून ते झाले. कियोमी हा स्वतःच संकर आहे: जपानी मिकान संत्रा आणि मोसंबीच्या जातीची ट्रोव्हिटा. त्यामुळे देकोपोनच्या वासात मोसंबी जाणवते ती उगाच नाही. पण केंद्राने हा वाण नोंदवला नाही. आकार वेडावाकडा, साल खडबडीत, टेंगूळ, आणि तोडल्या तोडल्या आम्ल फार. कागदावर तो नापास झाला. पुढे तो समुद्रापलीकडे शिरानुईत पोचला. तिथल्या शेतकऱ्यांनी लावला आणि त्यांच्या ध्यानात आले की फळ तोडून काही आठवडे ठेवले की आंबटपणा उतरतो आणि दडलेली गोडी वर येते. १ मार्च १९९१ रोजी ते पहिल्यांदा टोकियोच्या बाजारात गेले. जपानमध्ये १ मार्च हा आता देकोपोनचा दिवस मानतात. वाणाची नोंदणी झालेली नसल्यामुळे तो इतरत्रही गेला. दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावर त्याला हल्लाबोंग म्हणतात, आणि कॅलिफोर्नियात पिकवलेले २०११ पासून सुमो या नावाने अमेरिकेत विकतात.

आंबटपणा उतरतो म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण आमच्याकडेही याबद्दल गैरसमज आहे. आंबा किंवा केळी तोडल्यावर पिकते, आत साठलेल्या पिठूळ भागाची साखर होते. संत्र्यात तसा साठा नसतो. तोडताना जेवढी साखर आहे तेवढीच. कितीही दिवस आढीत घाला, ती वाढणार नाही. आम्ल मात्र फळ श्वास घेताना वापरत राहते, म्हणून ते घटते आणि जिभेला फळ गोड लागते. देकोपोनचे शेतकरी जानेवारी-फेब्रुवारीत तोडतात, थोडे सुकवतात, मग एकेक फळ पातळ पिशवीत घालून थंड जागी ठेवतात आणि आम्ल एक टक्क्याखाली आले की छाननीला पाठवतात. छाननीच्या पट्ट्यावर फळ न कापता त्यावर प्रकाश टाकून साखर आणि आम्ल मोजतात. म्हणजे साखर झाडावरच भरावी लागते, आणि ती भरण्यासाठी वाट पाहावी लागते. इथेच आमचे घोडे अडते, त्याकडे येतेच.

मुलीच्या ओळखीने एका बागेत जायला मिळाले. मालक वयाने माझ्याहून मोठे, बायको आणि ते दोघेच काम करतात. मुले शहरात. हे ऐकून मला आमचीच गावे आठवली. बाग समुद्राकडे तोंड करून डोंगरउतारावर, दगडी बांध घातलेल्या पायऱ्यांवर. उतार एवढा की डोक्यावर कॅरेट घेऊन चढणे शक्य नाही, म्हणून जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एकच रूळ टाकलेला, त्यावरून छोटी गाडी माल घेऊन वर-खाली करते. आपण फांद्यांना बांबूचे टेकू देतो. ते वरून दोऱ्या सोडून फळांच्या फांद्या टांगतात, म्हणजे फळ पानांबाहेर उजेडात राहते. शेजारच्या मिकानच्या बागेत झाडाखाली पांढरे कापड अंथरले होते. पावसाचे पाणी मुळाशी उतरू नये, रस पातळ होऊ नये, आणि खालून उजेड परावर्तित व्हावा म्हणून. मी त्यांना आमचा ताण समजावून सांगितला: पाणी तोडायचे, पाने सुकवायची, जमीन भेगाळू द्यायची, आणि मग पहिल्या पाण्याबरोबर फूल. मुलीला भाषांतर करताना घाम फुटला, पण आजोबांनी मान डोलावली. देकोपोनला उलट आहे, ते म्हणाले. उन्हाळ्यात आणि पुढे फळ भरताना त्याला पाणी कमी पडले तर आम्ल उतरतच नाही. आणि फळांची विरळणी ते निर्दयपणे करतात. कोवळी फळे हाताने तोडून जमिनीवर टाकतात हे ऐकून माझा जीव खालीवर झाला. आमच्याकडे फळगळ झाली तर आम्ही कृषी खात्याकडे धावतो, ते स्वतःच गाळतात.

आता आमच्या बाजाराकडे या.

आमच्याकडे बहुतेक बागा ठोक्याने विकल्या जातात. फळ लिंबाएवढे असताना व्यापारी येतो, झाडांवरून नजर फिरवतो, अंदाज बांधतो, सौदा होतो. त्यानंतर कधी तोडायचे ते तोच ठरवतो. शेतकऱ्याने स्वतः तोडून मंडीत नेले तरी लिलावात आकार बघतात, सालीची चकाकी बघतात, डाग बघतात. मोठे फळ वेगळे, मध्यम वेगळे, चुरी वेगळी. मेणाचा थर दिलेल्या मालाला भाव चढतो. गोडी कोणी विचारत नाही. एखादा व्यापारी फळ फोडून एक फोड तोंडात टाकतो, पण त्याने भावात फरक पडत नाही. आंबियाचा, म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या बहराचा, संत्रा ऑक्टोबरात बाहेरून हिरवा असतो, कारण आपल्याकडे तेव्हा रात्री गार झालेल्या नसतात आणि रंग फिरायला थंडी लागते. पण दसरा-दिवाळीचा भाव पकडायचा म्हणून तो तोडतात, रसायनाने रंग आणतात आणि पाठवतात. नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत थांबले तर तेच फळ खूप गोड होते. दिल्लीच्या किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकाने ऑक्टोबरातला नागपुरी संत्रा एकदा घेतला, आंबट निघाला, की तो परत पंजाबच्या किनू संत्र्याकडे वळतो. त्यात त्याचा दोष नाही.

गेल्या आंबियाला मी थांबले. शेजारच्या बागा उघड्या झाल्या तरी मी तोडले नाही, डिसेंबर लागू दिला. रोज सकाळी चार दिशांच्या झाडांचे फळ फोडून मोजत होते, आठवरून नऊ, नऊवरून दहा, दहाच्या वर. त्या मुदतीत बरीच फळगळ सोसली, राखणदाराची मजुरी दिली. मंडीत नेल्यावर शेजाऱ्यांच्या ऑक्टोबरातल्या मालाला जो भाव मिळाला होता, त्याहून मला टनामागे एक रुपयाही जास्त मिळाला नाही. उलट साल सैल झाली म्हणून काटछाट झाली. आता कोणी मला सांगावे की पुढच्या वर्षी मी का थांबावे?

माझ्या गुणांच्या वहीत शेवटची ओळ अशी आहे: देकोपोन साडेआठ, आमचा उत्तम मृग आठ, बाजारात मिळणारा ऑक्टोबरचा आंबिया पाच. उत्तमात आणि उत्तमात अर्ध्या गुणाचे अंतर आहे. पण गिऱ्हाइकाच्या हातात जे पडते त्यात साडेतीन गुणांचे. ते अंतर कलम बदलून भरून निघणार नाही.

म्हणून कलमे विकणाऱ्यांच्या नादी लागू नका, असे मी बागायतदार बंधू-भगिनींना कळकळीने सांगते. जपानी बागा काराताची नावाच्या तीन पानांच्या काटेरी खुंटावर, म्हणजे कलमाखालच्या मुळाच्या झाडावर, उभ्या आहेत. त्या खुंटावर झाड लहान राहते आणि फळात साखर चांगली भरते. पण चुनखडीच्या जमिनीत तो खुंट पिवळा पडतो आणि आमच्या काळ्या जमिनीत चुनखडी किती, ते वेगळे सांगायला नको. आम्ही वापरतो तो जंबेरी लिंबाचा खुंट जोमदार, झाड पटकन मोठे करतो, फळही भरपूर देतो, मात्र रस थोडा पातळ ठेवतो. रंगपूर लिंबाचा खुंट आमच्या जमिनीत टिकतो. म्हणजे नुसती वरची कांडी आणून तीच गोडी येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. त्यात आमचा मे महिना आणि तिथला मे महिना यांची तुलनाच नको. आमच्या पट्ट्यातले भूजल किती खोल गेले आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हाळ्यात ज्याला पाणी कमी पडून चालत नाही असे झाड आम्ही कशावर जगवणार?

आणि सर्वांत गंभीर गोष्ट. परदेशातून कलम किंवा कांडी आणायची तर सरकारी परवाना आणि विलगीकरण लागते. ते चुकवून चोरून आणलेल्या कांडीबरोबर काय येईल सांगता येत नाही. लिंबूवर्गीय झाडांचा ग्रीनिंग रोग आणि ट्रिस्टेझा हे दोन्ही कलमाच्या काडीतून पसरतात, आणि रोग लागलेल्या झाडाला बरे करणारे औषध नाही. डिंक्या (खोडातून डिंक गळणे) आणि कोळशी (पानांवर काळी बुरशी) यांनी आम्ही आधीच त्रासलो आहोत. माझ्या सुनेने परतताना दोन फळे आणा म्हटले होते, मी तीही आणली नाहीत.

मग जपानकडून घ्यायचे काय? छाननीची रीत घ्यायची. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नाव राखले जाते, आणि ते हवेच होते. पण त्या नावाखाली आठ ब्रिक्सचे फळही जाते आणि अकराचेही. गोडीची तपासणी करून वेगळे नाव लावण्याची पद्धत मी आमच्या मंडीत आजवर पाहिलेली नाही. ती सुरू करायला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही. प्रकाशाने साखर मोजणारी छाननीची यंत्रे पुढे येतील तेव्हा येतील. आज प्रत्येक लिलावाच्या ओट्यावर एक टेबल, एक रिफ्रॅक्टोमीटर, आम्ल मोजण्यासाठी बारावी विज्ञान झालेल्या मुलामुलीला जमेल असे साधे सामान, आणि प्रत्येक ढिगातून डोळे मिटून उचललेली फळे, एवढे पुरे. आकडा पाटीवर खडूने लिहायचा आणि मग बोली लावायची. ठरलेल्या आकड्याच्या वरच्या मालाला एकच सामाईक नाव द्यायचे. खालचा माल आज जसा जातो तसाच जावा, त्याचा रस निघावा, त्यात कमीपणा नाही. शिरानुईच्या त्या फळीवर कमी आकड्याच्या फळालाही गिऱ्हाईक होतेच.

आकडा किती ठरवायचा हे नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने बागायतदारांना बरोबर घेऊन ठरवावे. माझ्या मते सुरुवात दहा ब्रिक्सने करावी. तेरा आपल्याला झेपणार नाही आणि गरजही नाही. नागपुरी संत्र्याची चव आंबटगोडाची आहे, तिला नुसते गोड करत गेलो तर ती जाईल. जावयांनी दुपारच्या उन्हाबद्दल जे म्हटले ते या ठिकाणी लक्षात ठेवावे. बी कमी झाले तर मात्र हवेच आहे. ते काम अवघड का, हेही मला उशिरा कळले: आपल्या संत्र्याच्या बीत आईच्याच नकला असलेले अनेक अंकुर असतात, संकराचा खरा अंकुर त्यांत दबून जातो. कियोमीच्या बीत एकच अंकुर असतो, म्हणून जपान्यांनी तिला आई करून इतके वाण काढले. आपल्या संशोधकांना त्यासाठी वेळ आणि पैसा द्यायला हवा, आणि मिळालेल्या वाणाची रोपे शेतकऱ्यापर्यंत खात्रीच्या रोपवाटिकेतून यायला हवीत.

आमच्या गटात परत आल्यावर बैठक झाली. झाडावर आंबिया सध्या सुपारीएवढा आहे. आम्ही ठरवले आहे की यंदा आमच्यापैकी जे तयार आहेत त्यांनी बाग ठोक्याने द्यायची नाही. नोव्हेंबरपासून दर आठवड्याला बागेच्या प्रत्येक कोपऱ्यातले फळ मोजायचे आणि दहा ओलांडल्यावरच तोडायचे. प्रत्येक कॅरेटवर चिठ्ठी लागेल: गाव, तोडणीची तारीख, ब्रिक्स. ज्या व्यापाऱ्यांना हा माल हवा असेल त्यांनी जरूर यावे, भाव बसून ठरवू. आणि संपादक महाराज, आपल्याला विनंती आहे की त्या वेळी आपला वार्ताहर मोर्शीला पाठवावा. चिठ्ठीवरचा आकडा खरा की खोटा, हे त्याने कोणतेही कॅरेट निवडून, फळ कापून स्वतः पाहावे आणि जे दिसेल ते छापावे.

आपली,
एक संत्रा बागायतदार
ता. मोर्शी, जि. अमरावती